एका सेकंदात गेलेली मेल

तीर्थरूप दाजी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (या वेळी खरोखर जोडले. पेन खाली ठेवलं, हात जोडले, मग पेन पुन्हा उचललं. समोर बसलेल्या आवक-जावकच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? ताईची तब्येत ठीक असावी, कारण बुधवारी तिचा फोन आला होता. तिने माझं वजन विचारलं, मुलांच्या परीक्षा विचारल्या, आणि फोन ठेवता ठेवता सहज म्हणाली की हे हल्ली मेल उघडून बसतात आणि नुसते बघत राहतात. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाही. बाकी इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहावं लागतं म्हणून लिहितो.

तुमचा रविवारचा फोन दोन रविवार आला नाही. तुम्ही निवृत्त होऊन गावी गेल्यापासून तीन वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. मोतीबिंदू काढला त्या दिवशीही तुम्ही एका डोळ्याने नंबर लावला होता. न येण्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे. गेल्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी, माझ्याकडून तुम्हाला एक मेल आली. तिच्यात जे लिहिलं होतं त्याचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. ती पोचली कशी, एवढंच सांगायचं आहे, कारण दाजी, ती पोचायची नव्हती. आणि हे सांगायला मेलवर माझा आता भरवसा उरलेला नाही, म्हणून हा कागद.

जरा मागून सांगतो. आपली कचेरी वजनकाटे तपासून त्यांवर शिक्के मारते. दुकानदाराचा काटा ग्रॅमभर चुकला तर आपण नोटीस धाडतो, आणि एकमेकांशी बोलताना किलोकिलोने चुकतो, हे तुम्ही तळघरातल्या यंत्रखोलीत बसून माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. त्यात काही फरक पडलेला नाही. साहेब अजूनही दर सोमवारी साडेअकरा वाजता भांडारपालांना मेल लिहितात. शिक्क्यांचं शिसं गेलं कुठे, पितळी वजनं ओल्या फडक्याने कोणी पुसली, तुम्हाला भांडार सांभाळायचं आहे की मोडीत काढायचं आहे, असा मजकूर. पाठवून झालं की दहा मिनिटांत स्वतःच चौदा पायऱ्या उतरून खाली यायचे, दारात घसा खाकरायचे आणि भिंतीवरच्या फ्यूजकडे बघत म्हणायचे की ते मघाचं गेलं नसेल तर राहू दे. गेलेलं नसायचंच. आपला सर्व्हर म्हातारा, पत्र सोडायला वीस मिनिटं घ्यायचा. मी रांगेतून ते काढून टाकायचो, साहेब हलके होऊन वर जायचे. भांडारपालांचंही तेच. बाईंची रीत वेगळी, त्या आधी पत्र पाठवतात आणि मग त्याला जोडायचा कागद शोधायला लागतात. पण त्याही वेळेत खाली पोचायच्या. सगळी कचेरी सर्व्हरच्या नावाने बोटं मोडायची आणि सगळी कचेरी तो जिना उतरायची. मी तुमच्याच आवाजात प्रत्येकाला म्हणायचो, बघतो, गेलं नसेल तर.

आता जे सांगतो ते सांगायला जीभ रेटत नाही, पण पेन रेटतंय तोवर सांगतो. मीही लिहायचो. तुम्हाला. रविवारी तुमचा फोन व्हायचा (एकदा केबल कशी गुंडाळावी या विषयावर बावीस मिनिटं झाला होता), आणि सोमवारी मी तुम्हाला एक सणसणीत मेल लिहून पाठवायचो, चहाला जायचो, चहा पिऊन यायचो आणि ती रांगेतून काढून टाकायचो. पाठवल्याचं समाधान पुरेपूर मिळायचं आणि भोगावं काहीच लागत नसे. तीन वर्षांत अशा अकरा झाल्या. तुम्हाला एकही मिळाली नाही, आणि तुमच्या मनात मी गरीब स्वभावाचा राहिलो.

मग सूचना आली की आपल्या सर्व्हरवरच्या जुन्या आवृत्तीची दुरुस्ती यापुढे कोणी करणार नाही, नवी घ्या. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेलं आहे, ते कोणीही उघडून आतली ओळ न् ओळ वाचू शकतो आणि वाटल्यास बदलूही शकतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. (बदलूही शकतो, हे म्हणताना तुम्ही जरासे थांबला होतात. तेव्हा मला वाटलं, खोकला आला असेल.) मी तुम्हाला फोन करून विचारलं की तुमच्या एकेचाळीस फाइलींत एकाही ओळीवर खुलासा नाही, तेव्हा कुठली ओळ कशासाठी ते सांगाल का. तुम्ही म्हणालात, "मी ठेवलंय तसं ठेव." बस, एवढंच. मग शिशाच्या तुटवड्याबद्दल विचारलंत.

दाजी, मी तसं ठेवलं. शपथेवर सांगतो. शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर मी कामाला बसलो. आधी अख्ख्या मशीनची प्रत काढली (हा तुमचा पहिला धडा, तो पाळला म्हणून आज तोंड दाखवायची सोय आहे). मग नवी आवृत्ती चढवायला घेतली. तिची पद्धत अशी की जुनी एखादी फाइल आपण हाताने बदललेली दिसली की ती थांबते आणि विचारते, ही तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घालू? या कचेरीत पंधरा वर्षांत मला इतक्या अदबीने कोणी काही विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, माझी ठेवा. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं. अशी एकेचाळीस वेळा तुमची मांडणी मी राखली, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात तुम्हाला दाखवत होतो की बघा. बेचाळिसाव्या ठिकाणी तिने विचारलंच नाही. न विचारलेल्या प्रश्नाकडे माणसाचं लक्ष जाणार कसं? काम संपल्यावर बाईंच्या पत्त्यावर एक चाचणी मेल सोडली. ती एका सेकंदात पोचली. वीस मिनिटांचा सर्व्हर मी एका सेकंदावर आणला, या आनंदात मी खोलीतला पंखा स्वतः पुसला.

सोमवारी साडेदहाला साहेबांनी वर बोलावलं. मला वाटलं, शाबासकी. ते म्हणाले की बरं झालं तू करून टाकलंस, कारण परवानगी देण्याआधी मी तुझ्या दाजींना विचारलं होतं आणि ते म्हणाले होते की त्याला अजून वर्षभर थांबू द्या. साहेब हे हसत म्हणाले. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, दाजी. माझ्या कानाच्या मागे पांढरं झालं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली आलो, दार लोटलं आणि बारावी मेल लिहिली. मला नोकरीला लावलंत ते पंधरा वर्षं ऐकवलंत, हे लिहिलं. तुम्ही मागे ठेवलात तो सर्व्हर नव्हता, खटारा होता, हेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की ताई लग्नाआधी गायची, तुमच्या शिस्तीच्या घरात तिचा आवाज बसला तो कायमचा.

हे लिहिताना मला सगळं माहीत होतं. ताईचा गळा ऑपरेशनने गेला. दोन वर्षं तिला घेऊन डॉक्टरांच्या दारातल्या बाकावर तुम्ही बसलात, मी एकदाही बसलो नाही. तिला जोरात बोलावं लागू नये म्हणून तुमच्या घरी प्रत्येक खोलीत घंटी आहे, ती तुम्ही स्वतः भिंत खोदून बसवली आहे, आणि वायर धरायला मीच स्टुलाखाली उभा होतो. तरी लिहिलं. का? कारण माझ्या हिशेबाने ते वाक्य वीस मिनिटं जगणार होतं. अकरा वाजून सात मिनिटांनी पाठवलं आणि चहाला गेलो. चहा अर्धा पिऊन झाल्यावर शनिवारचा तो एक सेकंद आठवला. कप तसाच कट्ट्यावर सोडून धावलो, आणि चौदा पायऱ्यांपैकी शेवटच्या पाच बसून उतरलो. रांग रिकामी होती. (माकडहाडाला मुका मार आहे, डॉक्टर म्हणाले आपोआप बरं होईल.)

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी कचेरीत एकट्या माझाच घात झाला. नाही. साहेबांचं साडेअकराचं पत्र भांडारपालांना साडेअकरालाच मिळालं. ते पंधरा वर्षांतलं पहिलंच त्यांच्यापर्यंत पोचलेलं, त्यामुळे साहेबांना आपल्याबद्दल असं काही वाटतं हेच त्या बिचाऱ्यांना नवीन होतं. त्यांनीही लगेच लिहिलं, तेही लगेच पोचलं. साहेब सवयीने खाली आले, फ्यूजकडे बघून घसा खाकरला, आणि मी सांगितलं की गेलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एकपर्यंत दोघांमध्ये त्रेचाळीस पत्रं झाली, आणि दीडला भांडारपालांनी किल्ल्यांचा जुडगा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि छत्री घेऊन घरी गेले. बाईंनी तेवढ्यात सहा दुकानदारांना सोबत प्रमाणपत्र जोडले आहे असं कळवलं होतं, प्रमाणपत्राशिवाय. एका माणसाने उलट विचारलं की प्रमाणपत्र डोळ्यांना दिसणारं असतं की नसतं. मंगळवारी कोणी कोणाशी बोलेना. शिक्का मारायला शिसं मिळेना, कारण भांडाराला कुलूप. कचेरीत कीबोर्डचा आवाजसुद्धा बंद झाला, लोक लिहायलाच घाबरायला लागले.

मी मात्र अजूनही समजत होतो की दोष माझ्या वेगाचा आहे, म्हणजे मी फारच चांगलं काम केलं. डोळे बाईंनी उघडले. त्या गुरुवारी खाली आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही लागलात ना, त्याच महिन्यात हे मशीन कोरं करकरीत आलं होतं. तेव्हासुद्धा वीसच मिनिटं लागायची. एकोणीस नाहीत, एकवीस नाहीत." आणि उठून गेल्या. म्हातारं मशीन कधी तेरा मिनिटं घेईल, कधी तास घेईल. मोजून वीस मिनिटं घेतं ते म्हातारपण नव्हे, तो कोणाचा तरी हुकूम.

काढलेली प्रत उघडली. एकेचाळीस फाइलींत काही नव्हतं, ते तर मी तोंडपाठ केलं होतं. मग जुनं आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी ठेवून फोल्डर फोल्डरशी ताडून पाहायला लागलो. शुक्रवारी दुपारी सापडलं. तुम्ही ते सेटिंगमध्ये लिहिलंच नव्हतं. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या पोटात, जिथे कोणी हात घालत नाही, तिथे अकरा ओळी घुसवून ठेवल्या होत्या. कचेरीतून निघणारं प्रत्येक पत्र वीस मिनिटं धरून ठेवायचं आणि मग सोडायचं, कोणी मागितलं तर परत द्यायचं. ती जागा सॉफ्टवेअरची स्वतःची, म्हणून नव्या आवृत्तीने विचारायची तसदी न घेता ती जागा सारवून टाकली. आणि त्या ओळींच्या वर, तुमच्या सगळ्या कामातला एकुलता एक खुलासा होता. माणसाला वीस मिनिटं पुरतात, असा. मी तो वाचला आणि दार लावून घेतलं. रडलो म्हणालो तर तुम्ही फोनवर हसाल, पण रडलो.

दाजी, वर्षभर थांबू द्या असं तुम्ही म्हणालात ते मला कमी लेखून नव्हे, हे आता कळतं. (थोडंसं कमी लेखूनही असेल. ते असू दे.) तुम्हाला मला हे समोर बसून सांगायचं असणार, आणि फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. बोलणी खात राहिलात, सर्व्हरला म्हातारा म्हणवून घेतलंत, साहेबांनी बैठकीत सगळ्यांदेखत तुमचा पाणउतारा केला त्या दिवशीही हूं की चूं केलं नाहीत. साहेबांची स्वतःची पत्रं तुमच्याच मुठीत अडकलेली असताना. मला हे जमलं नसतं.

सोमवारी कामावर येऊन मी पहिल्याने त्या अकरा ओळी परत लावल्या. मग वर जाऊन सगळ्यांना सांगितलं की माझं काही खरं नाही, नवी आवृत्ती इथे मानवलेली दिसत नाही, पुन्हा वीस मिनिटं लागायला लागली आहेत, माफ करा. कोणी रागावलं नाही. साहेबांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की टेबलावरचा कागद हलला. त्याच दुपारी ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन स्वतः भांडारपालांच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण मंगळवारी भांडार उघडलं आणि शिसं मिळालं. बाई एवढंच म्हणाल्या की बरं झालं, हाताला सवय आहे.

सगळ्यांचं मिटलं. माझं तेवढं राहिलं, कारण माझं पत्र कचेरीबाहेर गेलं. ते परत मागायला मी कुठला जिना उतरू? ताईबद्दलचं ते वाक्य खोटं होतं. रागात लिहिलं असं म्हणणार नाही. खोटं आहे हे माहीत असून, लागावं म्हणून लिहिलं. त्याची मला लाज वाटते. तुम्ही ते ताईला दाखवलं नाहीत हे तिच्या फोनवरून कळलं, आणि तुम्ही दाखवलं नाहीत म्हणून मला जास्तच लाज वाटते.

गुडघ्याला जपा, जिना शक्य तो टाळा. ताईला सांगा की माझं वजन दीड किलोने कमी झालं आहे, काट्यावर तपासून घेतलं आहे, शिक्क्यासह. तुमच्या पायांशी डोकं ठेवून,

तुमचा,
बारक्या
(सेहेचाळिसाव्या वर्षीसुद्धा)

ता. क. पत्र सकाळी लिहून झालं होतं. डाक चारला जाते, तोवर टेबलाच्या खणात ठेवलं. दुपारी पुन्हा वाचलं आणि मधली दोन पानं फाडून टाकली. त्यांत माझीही बाजू कशी बरोबर होती ते सविस्तर होतं.

आणखी एक. त्या अकरा ओळी या वेळी मी पोटात नाही लिहिल्या, सेटिंगच्या फाइलीत लिहिल्या, आणि वर खुलासा तुमच्याच शब्दांत ठेवला. आता फाइली बेचाळीस झाल्या. पुढच्या वेळी नवी आवृत्ती चढेल तेव्हा ती अदबीने विचारील, आणि मी नसलो तरी माझ्या जागी जो कोणी असेल त्याला वाचता येईल.

शेवटचं, आणि खरं तर यासाठीच लिहायला बसलो होतो. तुमच्या ओळींच्या शेजारी एक यादी सापडली, रद्द झालेल्या पत्रांची. मजकूर नाही, नुसतं कोणी, कोणाला, कधी. साहेबांची सातशे बारा आहेत. माझी तुम्हाला लिहिलेली अकरा आहेत, म्हणजे ती रांगेतून गेली तरी कुठेतरी मोजली जात होती. पण यादीत पहिलं नाव साहेबांचं नाही. मी नोकरीला लागलो त्याच्या चौथ्या दिवशी मी पंखा लावायला सर्व्हरची पिन काढली होती, आठवतं? त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही त्या अकरा ओळी लिहिल्या, आणि साडेबाराला पहिलं पत्र रद्द झालं. तुमचं होतं. मला लिहिलेलं. त्यानंतर आपण एकत्र काम केलं त्या बारा वर्षांत अशी आणखी पंचवीस आहेत. सव्वीस पत्रं, दाजी, सगळी मला लिहिलेली, आणि मला एकही मिळालं नाही.

माझं एक तुम्हाला पोचलं. तुमचंही एक मला पोचावं, अशी माझी विनंती आहे. कुठलंही चालेल, पंख्याचं आठवत असेल तर तेच. पाठवायचा कंटाळा आला तर रविवारी फोनवर सांगितलंत तरी चालेल. मी मध्ये बोलणार नाही.